देवराव भेत होता

देवा, तुला जाळून घरी आलो, दारातच पाय धुतले, न्हाणीत शिरलो, अंगावर दोन तांबे ओतले असतील-नसतील तोच यवतमाळहून पेपरच्या डेस्कचा फोन. "मधुकरराव, तुमच्या वाघावर दोनशे शब्द पाठवा. फोटो आहे आमच्याकडे, कुऱ्हाडीवाला." मी निथळत उभा. हो म्हटलं. पंचवीस वर्षं झाली मला आर्णीत वार्ताहरकी करून, झेरॉक्सचं दुकान सांभाळता सांभाळता. या पंचवीस वर्षांत डेस्कला मी हो सोडून दुसरं काही म्हटल्याचं तुला आठवतं का?

दोनशे शब्द म्हणजे माझ्या डाव्या हाताचं काम. माणूस कसाही जगलेला असो, मेल्यावर त्याला घालायचे कपडे माझ्याकडे शिवून तयार असतात. बाई गेली की मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीची. पुरुष गेला की करारी, परखड, निधड्या छातीचा. या तालुक्यात किती पुरुषांना मी मेल्यावर करारी केलं, त्याचा हिशेब नाही. त्यातले अर्धे बायकोला विचारल्याशिवाय चहालासुद्धा येत नव्हते. तू तर हे सगळं जाणून होतास. सकाळी दुकानात येऊन पेपर उघडायचास, श्रद्धांजलीचा कोपरा वाचायचास आणि म्हणायचास, "हा परखड होता? याच्या घरचं मांजर याले भीत नव्हतं बे."

त्या दिवशी मात्र ओल्या अंगाने मोबाईल घेऊन बसलो आणि 'निधड्या छातीचा' एवढं टाइप करून थांबलो. तुझी छातीच बंद पडली होती ना लेका. आणि निधडी तर ती कधीच नव्हती. हे तुला माहीत, नंदावहिनीला माहीत आणि मला माहीत. बाकी सगळ्या जिल्ह्याला जे माहीत आहे ते मी सांगितलेलं.

तर गेल्याच्या गेल्या डिसेंबरातली ती सकाळ एकदा नीट लिहून ठेवतो. पेपरात नाही तर इथं तरी.

तू मला वावरात भरीत खायला बोलावलं होतंस. बांधाच्या धुऱ्यावर वहिनीने कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ करून त्यात वांगी टाकलेली. आपण दोघं तुरीच्या कडेला ओल्या शेंगा सोलत बसलेलो, म्हणजे तू सोलत होतास आणि मी खात होतो. तूर डोक्याच्या वर गेलेली. मी माझाच कुठला तरी फजितीचा किस्सा रंगवत होतो आणि तू पुढचं ठाऊक असूनही हसत होतास, तेवढ्यात तूर हलली. तू म्हणालास, "कुत्रं असन." कुत्रं नव्हतं.

लिंबाचं झाड तुझ्यापासून पाच पावलांवर होतं, माझ्यापासून दहा. तरी आधी मी चढलो. शाळेत दोरी चढता येत नाही म्हणून मला मास्तरांनी वर्षभर मैदानाबाहेर बसवलेलं. त्या दिवशी मास्तर असते तर त्यांनी मागचे सगळे गुण परत दिले असते. तू फांदीला हात घातलास तेव्हा त्या फांदीवर माझा पाय होता. तुझ्या बोटांवर. मी पाय उचलला नाही, देवा. उचलला असता तर दोघंही पडलो असतो, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण मी चांगला बुंध्याला मिठी मारून होतो. पडलो नसतो.

तू घसरलास. रानडुकराने तुझी पोटरी उभी फाडली आणि ते पुन्हा फिरलं. तुझ्या हातात काय होतं? जेवणाच्या डब्याचं झाकण.

मग वहिनी आली. पदर खोचलेला, दोन्ही हातांत जळत्या पऱ्हाटीचा जुडगा, आणि तोंडात अशा शिव्या की झाडावर बसून मला कानावर हात ठेवायची इच्छा झाली, पण हात मोकळे नव्हते. तिने तो जाळ थेट डुकराच्या थोबाडावर नेला. डुक्कर ओढ्याकडे जे सुटलं ते तुरीत वाट पाडत गेलं. पीक पेटू नये म्हणून वहिनीने जुडगा आधी मातीत दाबून विझवला, मग लुगड्याची पट्टी फाडून तुझ्या पायाला बांधली आणि मग वर पाहिलं. "उतरा आता भाऊजी," ती म्हणाली. "गेलं थे."

ग्रामीण रुग्णालयात आत तुला टाके पडत होते, सुई पाहून तू वहिनीच्या पोटात तोंड खुपसलं होतंस आणि मी बाहेर बाकावर बसून बातमी टाइप करत होतो. 'निधड्या छातीच्या शेतकऱ्याने रानडुकराला पिटाळले. पत्नीच्या डोळ्यांदेखत थरार.' जिने पिटाळलं तिला मी बघ्यांत बसवलं, आणि झाडावरून खरोखर बघत होता तो बातमीला नाव लावून मोकळा झाला.

तेव्हा मला वाटत होतं, मी तुझ्यावर उपकार करतोय. बायकोने वाचवलं असं छापून आलं असतं तर पानठेल्यावर तुला सहा महिने कोणी बसू दिलं नसतं. हे आपलं वरवरचं कारण. आतलं असं की खरं छापायचं तर झाडही छापावं लागलं असतं.

फोटो दवाखान्यासमोर काढला. कुऱ्हाड समोरच्या चहाच्या टपरीवरची, जळतण फोडायची. ती तुझ्या हातात दिली आणि म्हटलं, "रागानं पाह्य." तू विचारलंस, "कोणाकडे?" मी म्हटलं, "कॅमेऱ्याकडे." तू पाहिलंस. टाक्यांच्या दुखण्याने चेहरा असा आवळला होता की डेस्कवरचा पोरगा खूश झाला. 'आर्णीचा वाघ' हे नाव त्याने दिलं. त्याने तुला कधी पाहिलं नव्हतं, पण मथळा त्याला दोन शब्दांत बसवायचा होता आणि 'वाघ' हा शब्द त्याच्याकडे कायम हाताशी असतो.

मग तुझी जी वरात निघाली तिच्यात मीच पुढे नाचत होतो. व्यायामशाळेत सत्कार झाला, शाल आली, नारळ आला. मोबाईलवरच्या चॅनलवाले दोघं आले. त्यांनी तुला लिंबाखाली उभं करून पुन्हा डुकरावर धावायला लावलं. डुक्कर नव्हतं म्हणून त्या बाजूने मी ओरडत आलो. म्हणजे तुझ्या पराक्रमात शेवटी मला डुकराचं काम मिळालं, आणि खरं सांगतो, त्या सगळ्या प्रकारात तेवढं एकच काम मला शोभणारं होतं. तुला म्हणाले, मिशी जरा वाढवा. तू वाढवलीस. वहिनीला म्हणाले, तुम्ही मागे उभ्या राहा, डोक्यावर पदर घ्या आणि घाबरल्यासारख्या दिसा. ती म्हणाली, "मी?" आणि चहा ठेवायला निघून गेली. त्यांनी तिच्याशिवायच काम चालवलं. खाली वाघाच्या डरकाळीचं संगीत लावलं.

या असल्या बातम्या मी जन्मभर रांधल्या. आमच्या पानांवर पुरुष येतो तो शाल अंगावर घेऊन, नाहीतर बेड्या हातात घालून, नाहीतर वाढदिवसाच्या जाहिरातीत गॉगल लावून. घरातला पुरुष येत नाही. वहिनीच्या मनगटाला प्लास्टर होतं तेव्हा दीड महिना तू तिची वेणी घातलीस. पहिल्या आठवड्यात वाकडी यायची, मग इतकी चापूनचोपून यायला लागली की शेजारणी विचारायच्या. लेकीला, पल्लवीला, बोरी अरबला दिली, काही सातासमुद्रापार नाही, तरी सासरी वाटे लावताना तू असा हुंदके देऊन रडलास की बँडवाल्यांनी आपणहून वाजवणं थांबवलं. रोडगे तर तुझ्यासारखे आजूबाजूच्या दहा गावांत कोणी भाजत नव्हतं. गोवऱ्यांच्या राखेत हात घालून, एकेक रोडगा उलटून बघायचास, जसं कोणी तापातल्या लेकराचं कपाळ बघतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. एकदाही माझ्या मनात आलं नाही की ही बातमी आहे.

आणि नंतर तू ते करणंच सोडलंस. पल्लवीला मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात नातू हातात घेतलास, ओठ थरथरले आणि तू आधी इकडे तिकडे पाहिलंस. कोणी मोबाईल धरलाय का ते. मग नातू वहिनीकडे देऊन बाहेर जाऊन उभा राहिलास. मी तुझ्यामागे आलो आणि म्हटलं, "वाघोबा, पेढे कुठी हायेत?" मला त्यातही विनोदच सुचला.

तुझ्याकडून मी काय काय घेतलंय ते आठवतं तेव्हा जास्त जड जातं. मी कळंबच्या एका गृहस्थाच्या भावाची श्रद्धांजली छापली होती आणि फोटो त्या गृहस्थाचाच लावला होता, आठवतं? सकाळी दहाला स्वर्गवासी स्वतः पेपर घेऊन दुकानात हजर. मी काउंटरखाली बसलो. तू पुढे झालास, त्यांना पाणी दिलंस, खुर्ची दिलीस आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर कळंबला त्यांच्या घरी आलास. चिंतामणीचं दर्शन घेऊन जाऊ म्हणालास, म्हणजे शिव्या खायला जरा बळ येईल. त्यांच्या बायकोने आपल्याला ओट्यावर उभं करून तास-दीड तास सुनावलं. चूक माझी होती आणि हात जोडून तू उभा होतास. परत येताना तू म्हणालास, "लेकाहो, जिता माणूस मारता तुम्ही." आणि इतका हसलास की गाडी थांबवावी लागली.

त्या माणसाची दुरुस्ती आम्ही छापली होती. चार ओळी, पान पाच, खाली. नजरचुकीने असं झालं, दिलगीर आहोत.

गेल्या नोव्हेंबरात डेस्कने फर्मान काढलं: पुरुष दिनाची पुरवणी आहे, तालुक्यातून एक 'खरा पुरुष' पाठवा. मला कुठं लांब जायचं होतं? तुला दुकानात बसवलं. झेरॉक्सचं गिऱ्हाईक आलं की थांबायचं, गेलं की पुढचा प्रश्न. मी विचारलं, आजच्या तरुणांना काय सांगाल वगैरे. तू बराच वेळ मशीनच्या हिरव्या उजेडाकडे पाहत राहिलास. मग म्हणालास:

"मध्या, एक लिही. त्या दिवसापासून मले वावरात एकट्यानं जायचं भेव वाटते. तूर हालली का हातपाय गार पडते. नंदा सोबत येते म्हणून जातो. नाहीतर धुऱ्यावरूनच वापस आलो असतो किती खेप."

मी म्हटलं, बरं. तू म्हणालास, "लिव खरोखर. दुसऱ्या कोणाले बी होत असन असं."

मी लिहिलं: 'भीती हा शब्द देवरावांच्या कोशात नाही.'

हे वाक्य मला बसताक्षणी सुचलं होतं आणि त्याचा मला अभिमान वाटला होता. तुझ्या तोंडून जे निघालं त्याच्या बरोबर उलटं लिहायला मला अर्धं मिनिट लागलं नाही. असा हात बसलाय.

पुरवणी आली त्या दिवशी तू पेपर घडी करून खिशात घालून आलास. मी तयारीत होतो, आरडाओरडा झाला तर कोणता विनोद करायचा ते ठरवून. तू ओरडलाच नाहीस.

"मी तुले काय सांगतलं अन् तू काय लिवलं?"

"देवा, पुरुष दिनाच्या पानावर भेव कोण वाचन?"

"मी वाचलं असतं."

मग तू दुरुस्ती छाप म्हणालास. कळंबवाल्याची छापली ना, मग माही काहून नाही? मी म्हटलं, अरे, ती चूक होती, हे तुझं कौतुक आहे. कौतुकाची दुरुस्ती आजवर कोणी मागितलेली नाही. तू पेपर काउंटरवर ठेवलास आणि गेलास. वाद अर्धा सोडून जायची तुझी सवय नव्हती. मला वाटलं, उद्या येशील आणि पुढचं भांडशील. तू दुसऱ्या दिवशी आलास ते गुळ-शेंगदाणे घेऊन, जसं काही झालंच नाही. मीही जसं काही झालंच नाही असं खाल्लं. वाद तिथंच राहिला. आज तो एकट्याने पुढे चालवायचा म्हटलं तर तुझी बाजूच सगळी खरी निघते.

त्या वाक्याने पुढे काय केलं ते तुला माहीत, मला तू गेल्यावर वहिनीकडून कळलं. पानठेल्यावर ते कापून आरशाला चिकटवलं होतं. तुम्ही दोघं वावराकडे निघालात की कोणी तरी ते मोठ्याने वाचायचा आणि विचारायचा, "वाघाले बायकोची राखण लागते काय?" हसून सोडून द्यावं असं बोलणं, तूही हसायचास. आठ-पंधरा दिवस हसलास. मग वहिनीला म्हणालास, तू घरीच राह्य आता, लोक हासतात. आणि रोज सकाळी एकटा जायला लागलास. भीती होतीच. ती सांगायची सोय मात्र मी छापून बंद करून टाकली होती.

आता फोनचं. याच्यासाठीच तर एवढं लिहीत बसलोय, आणि इथंच येऊन तीन दिवस थांबलो होतो.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. दुकानात चौघं जण उभे होते, कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाचा रहिवासाचा. मला गिऱ्हाईक हसवायची खोड. मी फोन स्पीकरवर टाकला. "बोला वाघसाहेब," म्हटलं.

तू म्हणालास, "मध्या, कालपासून छातीत दाटून येऊन राह्यलं. हात बी जड झाला. कोण्या डॉक्टरले दाखवू, सांग बरं."

आणि मी, तुझा चाळीस वर्षांचा मित्र, म्हणालो, "वाघाले गॅस झाला काय बे? ओवा खाय अन् एक डरकाळी मार, मोकळं होईन."

चौघंही हसले. तुला ऐकू गेलं. मग तूही हसलास, त्या हसणाऱ्यांना साथ दिल्यासारखा. "हाव, तसंच असन," म्हणालास आणि फोन ठेवलास. मी पुढचं पान मशीनवर ठेवलं. परत फोन केला नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. खरं तर विसरलोच होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या वावरवाल्याला तू धुऱ्यावर बसलेला दिसलास. लिंबाला पाठ टेकून. त्याने हाक मारली, तुला डुलकी लागली असेल म्हणून पुढे गेला, मग परत आला. डॉक्टर म्हणाले, हे काही आजचं नाही, दोन-तीन दिवस त्रास देत असणार, कोणाला बोलले नाहीत का? वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला फोनचं माहीतच नव्हतं. ते मी तिला पाचव्या दिवशी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "मले नाही सांगतलं थ्यायनं, तुमाले सांगतलं. अन् तुम्ही हासले?" मी हो म्हटलं. तिने सूप पुन्हा उचललं.

डेस्कला मी दोनशे शब्द पाठवले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा बातमी खरी होती. लिहिलं की देवरावला भीती वाटायची आणि तो ते सांगायचा. डुक्कर त्याच्या बायकोने हाकललं. तो वेणी सुरेख घालायचा. डेस्कवरून फोन आला. पोरगा नम्र आहे, त्याचं चुकत नाही. म्हणाला, "सर, हे ललित झालं. आणि आपलीच आधीची बातमी खोटी ठरते ना. मी बघतो." त्याने बघितलं. सकाळी पेपर उघडला तर कुऱ्हाडीवाला फोटो, आणि खाली पुरवणीतून उचललेलं, जसंच्या तसं, माझ्या नावाने: भीती हा शब्द देवरावांच्या कोशात नव्हता. 'नाही'चं तेवढं 'नव्हता' केलं होतं.

म्हणून तेरवीला मी बोलायला उभा राहिलो. जेवणाआधी दोन शब्द बोलायची आपल्याकडे रीत आहे, चार पुढारी बोलतात, लोक पंगतीकडे डोळे लावून ऐकतात. माझं नाव पुकारलं तशी मागची माणसंही पुढे सरकली. बंडलं मारायला मधुकर उभा राहिला म्हणजे ऐकायला मजा, हे ठरलेलं.

मी म्हणालो, "देवराव भेत होता."

लोक हसले.

मी म्हणालो, डुकराला पाहून आधी मी झाडावर चढलो. पुन्हा हसले, जास्त. कोणी तरी मांडीवर थाप मारली. मी त्याच्या बोटांवर पाय दिला, म्हणालो. एका म्हाताऱ्याला ठसका लागला. देवा, आजवर मी इतक्यांदा स्वतःची फजिती सांगून लोकांना हसवलंय की आता मी खरं सांगितलं तरी लोकांना कळत नाही की इथं हसायचं नाही. मी थांबलो, तर त्यांना वाटलं, पुढच्या हशासाठी जागा ठेवतोय. 

बायांच्या बाजूने वहिनी उठली. अशा ठिकाणी विधवा बाई उठून बोलत नाही, तुला माहीत आहे. ती उभी राहिली तरी आधी कोणाला कळलं नाही.

"हासू नका," ती म्हणाली. आवाज चढवलाच नाही तिने. "थे खरं सांगून राह्यले. डुक्कर मी हाकललं. माह्या माणसाले भेव वाटे, म्हणून मी सोबत जात होती. तुम्ही हासले म्हणून थो एकटा गेला."

मंडपात भांड्यांचा आवाज तेवढा येत राहिला. मला वाटलं, झालं, आता तरी पोचलं. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरचे पुढारी उठले, घसा साफ केला, माउलीच्या दुःखात आपण सगळे सहभागी आहोत म्हणाले आणि शेवटी हात वर करून म्हणाले, "पण वाघ होता, वाघ." लोकांनी सुटका झाल्यासारखं मान हलवली. दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मग पानं मांडली.

वहिनी दुसऱ्या दिवसापासून वावरात जाते आहे. एकटीच. मी सोबत येऊ का विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही कायले? झाडावर बसाले?" तुझ्या जाण्यानंतर माझ्याशी बोललेलं तिचं हे सगळ्यात मायेचं वाक्य आहे, आणि मी ते जपून ठेवलंय.

आता कालचं सांगतो आणि थांबतो. त्या दिवशी फोनवर हसलेल्या चौघांतला एक जण भर दुपारी दुकानात आला. नाव लिहीत नाही. चांगला धिप्पाड गडी आहे, सत्काराच्या माझ्या बातम्यांत दोनदा येऊन गेलाय. आधार कार्डाची एक झेरॉक्स मागितली. दिली. मग दुसरी मागितली. ती दिली. गिऱ्हाईक संपेपर्यंत तो पंख्याखाली उभा राहिला. दुकान रिकामं झाल्यावर काउंटरवर वाकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मधुकरभाऊ, जिना चढलो का हा डावा हात भरून येते. महिना झाला. घरी सांगतलं नाही. भेव वाटून राह्यलं." आणि मी काही बोलायच्या आत, "पण हे पेपरात देऊ नको हं."

मी म्हटलं, निर्धास्त राह्य, असलं काही पेपर छापतच नाही.

मग शटर ओढलं आणि त्याला गाडीवर मागे बसवलं. इथून यवतमाळचा मोठा दवाखाना तासाभराच्या रस्त्यावर आहे, देवा. तुझ्या फोनच्या दिवशीही तो रस्ता तासाभराचाच होता.